तिसऱ्या रविवारची हाक

इंग्लंडची राणी वारल्याची बातमी जोनेटला गोठ्यात शेण काढताना कळली. तिची आत्या, मार्गरेट, धापा टाकत दारात आली आणि चौकटीला धरून उभी राहिली.

"म्हातारी गेली गं!"

"कुठली म्हातारी?" जोनेटला वाटलं, ओढ्याकाठची जी महिनाभर अंथरुणाला खिळली होती ती.

"अगं, लंडनची! एलिझाबेथ! पोर ना बाळ. आता तिच्या गादीवर आपला जेम्स बसणार. स्कॉटलंडचा राजा इंग्लंडचाही राजा. दोन्हीकडं एकच धनी."

जोनेटनं फावडं भिंतीला टेकवलं. आत्या पुढं बरंच काही बोलत होती, लाँगटाऊनहून घोडेस्वार कसा आला, लोकांनी कशी गर्दी केली. जोनेटच्या मनात एकच नाव आलं, आणि ते तोंडातून बाहेर पडू नये म्हणून तिनं परत फावडं उचललं.

तिच्या घरापासून दगड भिरकावला तर पडेल एवढ्या अंतरावर तो बांध होता. पन्नास वर्षांपूर्वी दोन राज्यांचं या पट्ट्यावरून इतकं बिनसलं की शेवटी एका फ्रेंच माणसाला मध्ये घालून नकाशावर रेघ ओढली. मग त्या रेघेवर समोरासमोर दोन चर खणले आणि सगळी माती मधोमध टाकली. साडेतीन मैलांचा मातीचा उंचवटा, बाकी काही नाही. शेळ्या त्यावर चरायच्या. पण अलीकडचे लिटल लोक स्कॉटिश आणि पलीकडचे ग्रॅहम इंग्लिश. सीमेच्या अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय इकडच्या मुलीनं तिकडच्या मुलाशी लग्न केलं तर तो राजद्रोह, आणि राजद्रोहाला फास.

चार वर्षांपूर्वी जोनेटची कालवड बांध ओलांडून गेली होती. रोलंड ग्रॅहमनं ती परत आणून दिली. ग्रॅहमांपैकी कुणी जनावर परत आणून दिल्याची गोष्ट आजूबाजूला कुणी ऐकलेली नव्हती. आत्या म्हणाली होती, "त्या पोराला एक तर ताप आलाय, नाहीतर डोळे फुटलेत." जोनेटला मात्र माहीत होतं की त्याचे डोळे चांगले शाबूत आहेत. त्यानंतर वर्षातून दोन-तीनदा, दोन्हीकडचे अधिकारी तक्रारी मिटवायला जमत आणि सगळे लोक भांडणं बाजूला ठेवून बिअर पीत, त्या तहाच्या दिवशी ती दोघं भेटत. उरलेल्या दिवसांत बांधाच्या दोन बाजूंना उभं राहायचं आणि गुरांना हाका मारत एकमेकांना ऐकवायचं.

बातमीच्या दुसऱ्या दिवशी रोलंड बांधापाशी आला तो घोड्यावर बसूनच. कमरेला तलवार, डोक्यावर काकाचा लोखंडी टोप.

"ऐकलंस?" तो म्हणाला. "राणीबरोबर कायदाही मेला. नवा राजा गादीवर बसेपर्यंत कुणाचंच राज्य नाही. सगळे ग्रॅहम निघालेत दक्षिणेला."

"गुरं चोरायला?"

"आणायला."

"कायदा मेलाय ना? मग आज माझ्या बाला येऊन भेट. मला माग. आजच."

"रिकाम्या हातानं? तुझा बा म्हणेल, ग्रॅहमचं पोर, आणि हात हलवत आलं."

"आणि गुरं घेऊन आलास तर विचारेल, कुणाची."

रोलंड हसला. त्याचा पुढचा एक दात अर्धा तुटलेला होता. हसला की तो अगदी लहान दिसायचा. "आठ दिवस, जोनेट. चार वर्षं थांबलीस, आठ दिवस थांब."

ती थांबली. तो आला, चार गायी घेऊन आला. पण तोवर नवा राजा एडिनबरोहून निघून सीमेवरच्या बेरिकपर्यंत पोचला होता, आणि त्या आठवड्यात कोणकोण स्वार झाले होते त्यांची नावं कुणीतरी लिहून ठेवत होतं.

जोनेटचा बाप आर्ची लिटल याच्या जिभेला कधी विसावा नसे. राजानं फर्मान काढलं, की आता सीमा नावाची गोष्टच उरली नाही, या भागाला इथून पुढं मधला मुलूख म्हणायचं. गावात ते वाचून दाखवलं तेव्हा आर्ची मोठ्यानं म्हणाला, "काल आम्ही कडेला होतो, आज मध्यावर आलो. जागचे तर हललो नाही!" पुढच्या वर्षी राजा स्वतःला ग्रेट ब्रिटनचा राजा म्हणवायला लागला. आर्चीनं विचारलं, "ते कुठं आलं? वाटेत मुक्काम करायला लागतो का?"

पण घरात त्याची थट्टा बंद पडायची. त्याचा धाकटा भाऊ एका ग्रॅहमच्या भाल्यानं मेला होता. त्या ग्रॅहमचा रोलंडशी संबंध म्हणजे आजोबाचा चुलतभाऊ, इतका लांबचा. आर्चीला तेवढा पुरेसा होता.

"राजे एक झाले असतील," तो म्हणायचा. "माझा भाऊ काही उठून बसला नाही."

जोनेट वाद घालत नव्हती. ती बापाचं जेवण वाढायची आणि समोर बसून राहायची. तीन वर्षं तिनं हेच केलं. रोलंड आता उघड बांध ओलांडून यायचा. आर्चीच्या गोठ्याचं छप्पर शाकारून द्यायचा, पावसाळ्यात ओढ्याची वाट मोकळी करायचा आणि बोलावल्याशिवाय घरात पाऊल टाकायचा नाही. शेवटी एक दिवस आर्ची चुलीकडं तोंड करून म्हणाला, "त्याला सांग, आत ये. बाहेर उभा राहून माझ्या कोंबड्या बिचकवतोय."

१६०६ सालच्या उन्हाळ्यात पाद्र्यानं चर्चमध्ये पहिली हाक दिली. जोनेट लिटल आणि रोलंड ग्रॅहम लग्न करणार आहेत, कुणाची हरकत असेल तर बोला. ओळीनं तीन रविवार ही हाक द्यायची, मग लग्न. पहिल्या रविवारी कुणी बोललं नाही. दुसऱ्या रविवारी एक म्हातारा खोकला आणि सगळ्यांनी दचकून मागं पाहिलं, पण तो फक्त खोकलाच होता. परत येताना जोनेट आणि रोलंड बांधावर बसले, दोघांचे पाय दोन बाजूंना. ओटची भाकरी आणि चीज खाल्लं. घराचं दार कुठं करायचं यावरून भांडले.

बुधवारी कार्लाइलहून शिपाई यादी घेऊन पलीकडं ग्रॅहमांच्या वस्त्यांवर आले.

राणी वारली त्या आठवड्यात गुरं आणायला गेलेल्यांची ती यादी. ग्रॅहमांचा उपद्रव मधल्या मुलुखातून मुळापासून उपटायचा असं ठरलं होतं. सगळ्यांना समुद्रापार आयर्लंडला नेऊन वसवायचं, बायकापोरांसकट. परत आला तर फास.

बातमी आली तेव्हा रोलंडला नेऊन दोन दिवस झाले होते. आर्ची दारातच बसला. जोनेटनं भाकऱ्या बांधल्या आणि वर्किंग्टन बंदराच्या वाटेला लागली. तिला तीन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी एका पायातून रक्त यायला लागलं होतं, ते तिला बंदरावर पोचल्यावर दिसलं.

धक्क्यावर शंभराच्या वर माणसं बसली होती, बोचकी, पोरं, एक आजीबाई कोंबडा कवटाळून. जहाजावर नवं निशाण होतं. इंग्लंडचा लाल क्रूस आणि स्कॉटलंडचा पांढरा तिरपा क्रूस एकमेकांवर शिवलेले. यादी घेऊन जो कारकून बसला होता त्याचं नाव मेरेडिथ, वेल्सचा माणूस. त्याची इंग्लिश बोलण्याची तऱ्हा गाणं म्हटल्यासारखी.

"कोण हवंय?"

"रोलंड ग्रॅहम. मी त्याची बायको."

मेरेडिथनं तिच्याकडं पाहिलं, तिच्या पायाकडं पाहिलं. "यादीत बायको नाही त्याच्या."

"मी स्कॉटलंडची. तुमच्या यादीत कशी असेन?"

"राजा एकच झाला, पण याद्या अजून वेगळ्या आहेत बाई." तो आवाज उतरवून म्हणाला, "आमचा वेल्स कधीचाच इंग्लंडात गेला. माझ्या आजीला अजून कुणी सांगितलेलं नाही. सांगितलं तर हाणेल. हे बघ, जायचं असेल तर बस. पण विचार कर. तिकडून परत येता येत नाही."

"विचार झालाय."

"मग त्याला बोलावतो. त्यानं हो म्हटलं की लिहितो."

रोलंडला आणलं. हात बांधलेले होते. तिला पाहिलं आणि त्याचा चेहरा आधी उजळला. ते जोनेटनं पुढं हजारदा आठवलं, की आधी उजळला होता. मग त्यानं मागं वळून त्या माणसांकडं पाहिलं, कोंबडा घेतलेल्या आजीकडं पाहिलं.

"ही तुझी बायको का?" मेरेडिथनं विचारलं.

"नाही," रोलंड म्हणाला.

"रोलंड!"

"ही माझी कोणी नाही. हिला घरी पाठवा."

"दोन हाका झाल्यात," जोनेट ओरडली. "दोन रविवार! अख्ख्या चर्चनं ऐकलंय!"

"तिसरी नाही झाली," रोलंड म्हणाला आणि पाठ फिरवून चालायला लागला.

मेरेडिथनं लेखणी खाली ठेवली. त्यानं तिला बसायला आपलं लाकडी खोकं दिलं आणि प्यायला पाणी. जहाज निघेपर्यंत ती तिथंच बसली. रोलंड कुठल्या बाजूला उभा होता ते तिला कळलं नाही.

वर्षभरात काही ग्रॅहम चोरून परत आले. ते सांगत, आयर्लंडात जिथं नेऊन टाकलं त्या रॉसकॉमनची जमीन उजाड आहे, जाळायला लाकूड नाही, तिकडचं बोलणं कळत नाही. रोलंड त्यांच्यात नव्हता. दुसऱ्या वर्षी एकजण निरोप घेऊन आला. रोलंड तिथून निसटून उत्तरेला डाऊन भागात गेला होता, जिथं स्कॉटलंडहून कुटुंबंच्या कुटुंबं नांगर घेऊन उतरत होती. त्याला जमीन मिळाली होती.

"आणि म्हणाला," निरोप्या इकडंतिकडं पाहत बोलला, "धक्क्यावर खोटं बोललो, म्हणाला. वाटलं होतं सुगीपर्यंत परत येईन. जोनेटला म्हणावं, ये. मी इथं सांगून ठेवलंय की माझी बायको येतेय."

जोनेट त्याच दिवशी पाद्र्याकडं गेली.

"पाद्रीबाबा, तिसरी हाक द्या आणि तसं लिहून द्या. कागद असला की मला त्याच्या घरात मान वर करून जाता येईल."

"नवरा हजर नाही, परागंदा आहे. हाक कशी देऊ?"

"पहिल्या दोन दिल्यात."

"तेव्हा तो पुढच्या बाकावर बसला होता पोरी."

कागदावाचूनही ती गेली असती. पण त्याच थंडीत आर्चीची एक बाजू लुळी पडली. त्या बडबड्या माणसाची जीभ गेली. आत्या थकलेली. जोनेट बापाला भरवायची, कुशीवर वळवायची, आणि तो डोळ्यांनी दाराकडं खुणा करायचा, जा, जा म्हणून. तिला समजायचं. ती घोंगडं नीट करायची आणि म्हणायची, "जाते रे बा. वसंतात जाते."

असे तीन वसंत गेले. या काळात बांधावरून वाट पडली. लिटलांच्या दोन मुली पलीकडं नांदायला गेल्या, पलीकडची एक अलीकडं आली. प्रत्येक लग्नाला जोनेटला बोलावणं असायचं. ती जायची, मनापासून नाचायची, आणि येताना बांधावर थोडं बसायची. जो कायदा तिला आडवा आला होता तो आता पोरांना खोटा वाटायचा. "लग्नाला फास? काहीतरीच काय, जोनेटमावशी!"

आर्ची गेला त्यानंतरच्या रविवारी पाद्री उभा राहिला आणि कुणाला न विचारता त्यानं तिसरी हाक दिली. पुढचा बाक रिकामा होता. "कुणाची हरकत असेल तर बोला," असं म्हणून तो नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबला. मग त्यानं कागद लिहून तिच्या हातात ठेवला. "मला आधीच द्यायला हवा होता," तो म्हणाला. तिनं कागद घडी करून पिशवीत ठेवला.

स्कॉटलंडच्या पश्चिम टोकाला, पोर्टपॅट्रिकच्या किनाऱ्यावरून आयर्लंड दिसतं. जोनेटला कुणी हे सांगितलं नव्हतं. इतकी वर्षं ज्याला ती जगाचं टोक समजत होती तो समोर निळसर डोंगर होता, आणि त्यावरच्या शेतांचे तुकडेसुद्धा ओळखू येत होते. होडीत बसताना तिला कुणी नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, कागद तर नाहीच. एका बाईनं फक्त तिच्या मांडीवर आपलं पोर दिलं आणि स्वतः कडेला वाकून ओकायला लागली.

रोलंडचं घर सापडायला दीड दिवस लागला. चुन्यानं सारवलेल्या भिंती, दारात जवसाच्या पेंढ्या वाळत घातलेल्या. एक बाई त्या उलटवत होती. रुंद हाडाची, जोनेटपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी. पोटुशी होती. तिनं जोनेटकडं पाहिलं आणि हातातली पेंढी सावकाश खाली ठेवली.

"तूच का ती?" ती म्हणाली. बोली आयरशरची, स्कॉटलंडचीच. "बांधाकडची?"

जोनेटनं पिशवी खाली ठेवली.

"ये आत. उन्हात उभी राहू नकोस. मी एली. तो गिरणीवर गेलाय." तिनं ताकाचं मडकं पुढं केलं. जोनेट प्यायली. एली समोर बसली आणि फडक्यानं हात पुसत राहिली, हात कोरडे झाले तरी. "दोन वर्षं थांबला तो. हे तुला मीच सांगितलेलं बरं. एकट्या माणसाकडं जमीन ठेवत नाहीत इथं. घरात बाई नाही, चूल नाही, तर मालक म्हणतो हा पळून जाणारा. माझा नवरा उतरल्या उतरल्या तापानं गेला. माझीही जमीन जाणार होती. मग लग्न केलं, दोघांच्या मिळून एकच राहिली."

"हो," जोनेट म्हणाली.

"वाईट वागवत नाही मला. पण ताप चढला की तुझं नाव घेतो. पहिल्या वेळी मला वाटलं गाईला हाक मारतोय."

जोनेटला हसू फुटलं. तिला आवरेना. एलीही हसायला लागली, मग दोघी एकदम थांबल्या.

रोलंड आला तेव्हा त्या दोघी मिळून पेंढ्या उलटवत होत्या. त्याच्या खांद्यावरचं पोतं घसरलं. केस कपाळावरून मागं गेले होते. तोंड उघडलं तेव्हा तुटक्या दाताच्या जागी आता काहीच नव्हतं.

"बा गेला," जोनेट म्हणाली. पाच वर्षं मनात घोळवलेल्या शेकडो वाक्यांपैकी तिला हेच आठवलं.

तीन दिवस ती तिथं राहिली. एलीनं जाऊ दिलं नाही आणि जवसाचं काम खरंच खूप होतं. शेजारी एक आयरिश म्हातारा होता, ती जमीन पूर्वी त्याची. तो रोज शेताच्या बांधावर येऊन उभा राहायचा आणि निघून जायचा. एली त्याला भाकरी द्यायची. कधी घ्यायचा, कधी नाही. जोनेटनं पिशवीतला कागद बाहेर काढला नाही.

चौथ्या दिवशी रोलंड तिला होडीपर्यंत सोडायला आला.

"त्या दिवशी धक्क्यावर..." तो म्हणाला.

"माहीत आहे."

"नाही, ऐक. ती म्हातारी आठवते, कोंबडा घेतलेली? मला वाटलं, ही उद्याची जोनेट. एवढंच वाटलं मला. दुसरं काही सुचलंच नाही."

"मी चालले असते रे. कोंबडा घेऊनसुद्धा."

"माहीत आहे," रोलंड म्हणाला, आणि वाटेतच बसला. तोंडावर हात घेऊन रडला. जोनेट त्याच्या शेजारी उभी राहिली. तिनं एकदा त्याच्या केसांवर हात ठेवला, जिथं केस विरळ झाले होते तिथं, आणि काढून घेतला. "ऊठ," ती म्हणाली. "एलीला दिवस भरत आलेत. पाणी तिला ओढायला लावू नकोस."

होडीपाशी तो थांबला नाही. तिनंच सांगितलं थांबू नको म्हणून.

माणसं चढत होती. नावाड्यानं हाक मारली, "बाई, येताय ना?"

"पुढची कधी आहे?" जोनेटनं विचारलं.

"उद्या. वारा असला की रोजच जाते. आता काय, हा किनारा आणि तो किनारा एकाच राजाचा. कुणी अडवत नाही."

"रोज?"

"रोज."

ती धक्क्यावर उभी राहिली. उद्या निघाली काय आणि परवा निघाली काय, कुणी अडवणार नव्हतं. टेकडीवरच्या वाटेवर रोलंडची पाठ अजून दिसत होती. हाक मारली तर ऐकू गेली असती. तिनं घागरा वर धरला आणि होडीत पाय टाकला.

घरी आल्यावर तिनं गुरं सांभाळली, आत्याला शेवटपर्यंत पाहिलं. दोघंतिघं मागणी घालायला आले, एक तर इंग्लिश, चांगला सुतार. तिनं नाही म्हटलं, आणि कारण विचारल्यावर तिला नीट सांगता आलं नाही. डाऊनहून कधीमधी निरोप यायचा. एलीला मुलगा झाला, मग दोन मुली. जोनेटनं मोठ्या मुलीसाठी लोकरीचे मोजे विणून पाठवले. पुढं बरीच वर्षं, वारा पश्चिमेचा असला आणि आकाश स्वच्छ असलं, की ती हातातलं काम टाकून घरामागच्या टेकडीवर चढायची. तिथून समुद्र दिसत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी ती चढायची, थोडा वेळ तिकडं तोंड करून उभी राहायची, आणि गुरं पाण्यावर न्यायची वेळ झाली की खाली यायची.